एच-इंडेक्स ७ म्हणजे कमी का? गणिताच्या एका प्राध्यापिकेला उत्तर

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या एका महाविद्यालयात अकरा वर्षांपासून गणित शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात : "माझा विषय थर्मोइलॅस्टिसिटी. १९ पेपर झाले. गुगल स्कॉलरवर १२९ सायटेशन्स आणि एच-इंडेक्स ७ दिसतो. स्कोपसवर मात्र १२ पेपर, ६८ सायटेशन्स आणि एच-इंडेक्स ५. माझ्यासोबतच लागलेल्या केमिस्ट्रीच्या सरांचा एच-इंडेक्स २३ आहे. प्रमोशनच्या आधी झालेल्या बैठकीत 'गणितवाल्यांचा इम्पॅक्टच नसतो' असं सगळ्यांदेखत ऐकून घ्यावं लागलं. खरंच कमी आहे का? फॉर्ममध्ये कोणता आकडा लिहू? आणि एकमेकांचे पेपर साइट करण्यासाठी केलेल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मला बोलावताहेत, जाऊ का?" सोबत त्यांनी पेपरांची पूर्ण यादी पाठवली आहे. (थर्मोइलॅस्टिसिटी म्हणजे तापमानामुळे वस्तूत निर्माण होणाऱ्या ताणांचं गणित. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ. गुगल स्कॉलर आणि स्कोपस हे असे संदर्भ मोजणारे दोन संग्रह.)

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : त्या ग्रुपमध्ये जाऊ नका. का ते पुढे सांगतो.

मी तीसेक वर्षं अप्लाइड मॅथ्स शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पदोन्नतीच्या समित्यांवर विषयतज्ज्ञ म्हणून बसलो. फाइल उघडायची, पहिल्या पानावरचा आकडा बघायचा, भुवया उंचवायच्या आणि पान उलटायचं, हे मी समोर घडताना पाहिलं आहे. समोरचा माणूस दहा वर्षांचं काम घेऊन आलेला असतो. त्याच्या पेपरात काय सिद्ध केलंय हे विचारणारा टेबलापाशी बहुतेक वेळा मी एकटाच असायचो. म्हणून तुमच्या प्रश्नाला दोन ओळींत वाटेला लावणं मला जमणार नाही.

आधी तो ७ कुठून आला ते बघू. तुमच्या यादीतली सायटेशन्स उतरत्या क्रमाने मांडली तर ४१, २२, १७, ११, ९, ८, ७, ४, ३, ३, २, १, १ आणि पुढे सहा शून्यं. जितक्या पेपरांना प्रत्येकी निदान तितकीच सायटेशन्स आहेत, ती संख्या म्हणजे एच-इंडेक्स. सातव्या पेपरला सात आहेत, आठव्याला चारच, म्हणून एच-इंडेक्स ७. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये ही मोजणी सुचवली. जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा मोठे येतात, हे त्यांनी त्याच लेखात नोंदवलं होतं. वेगवेगळ्या विषयांतली माणसं या फूटपट्टीने शेजारी उभी करायची नाहीत, ही सूचना तेव्हापासूनची आहे.

आता गंमत बघा. तुमच्या पहिल्या पेपरला ४१ ऐवजी ४०० सायटेशन्स असती तरी एच-इंडेक्स ७च राहिला असता. लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये सुचवलेला जी-इंडेक्स वरच्या पेपरांना जास्त वजन देतो : वरच्या जास्तीत जास्त जितक्या पेपरांच्या सायटेशन्सची बेरीज त्या संख्येच्या वर्गाइतकी तरी भरते, ती संख्या. वरच्या ११ पेपरांची बेरीज १२७ येते, ती ११ च्या वर्गापेक्षा मोठी आहे, आणि १२ ला गणित जुळत नाही. म्हणून जी-इंडेक्स ११. गुगलचा आय-टेन म्हणजे दहा किंवा त्याहून जास्त सायटेशन्स असलेले पेपर, ते तुमचे ४. काम तेच, माणूस तोच, आणि आकडे ७, ११ आणि ४. कोणता खरा म्हणायचा?

केमिस्ट्रीच्या सरांशी तुलना का चालत नाही हे बैठकीत सांगता यायला हवं, म्हणून जरा खोलात जातो. आपल्या पेपरच्या शेवटी संदर्भ असतात पंधरा-वीस. त्यांच्याकडे पन्नास-साठ सहज. संदर्भ दिले जातात तेवढेच कोणाच्या तरी खात्यात जमा होतात. विहिरीतच पाणी कमी तर पोहऱ्यात कुठून येणार. शिवाय आपल्याकडे एका पेपरवर एक-दोन-तीन नावं, त्यांच्याकडे सात-आठ, आणि प्रत्येकाच्या खात्यात तेच सायटेशन पुन्हा मोजलं जातं. आपला रेफरी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा, वर्षभर पेपर ठेवून घेतो, कारण त्याला प्रत्येक ओळ तपासायची असते.

वेळेचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. तुमच्याच विषयाचं बघा. आपण आजही पहिल्याच परिच्छेदात बायो यांचा १९५६ चा पेपर देतो, मग लॉर्ड आणि शुलमन १९६७, मग ग्रीन आणि लिंडसे १९७२. नागपूरच्या प्रबंधांमध्ये मार्ची-झग्राब्लिच आणि मार्ची-फासुलो ही समीकरणं सोडवण्याची रूपांतरं दिसली नाहीत असं क्वचितच होतं, तीही साठच्या दशकातली. म्हणजे गणितातला पेपर साठ वर्षांनीही कामाला येतो. नियतकालिकाचा दर्जा दाखवणारा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र फक्त त्याच्या मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांना या वर्षी किती सायटेशन्स मिळाली एवढंच बघतो. आंतरराष्ट्रीय गणित संघाने इतर दोन संघटनांसोबत २००८ मध्ये सायटेशनच्या आकडेवारीवर एक अहवाल काढला. त्यात दाखवलंय की गणितातली सुमारे ९० टक्के सायटेशन्स या दोन वर्षांच्या खिडकीबाहेरच पडतात. जी मोजपट्टी दहातले नऊ बघतच नाही, तिच्यावर आपले गुण ठरतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञानाच्या पेपरला मूळ ८ गुण आहेत आणि इम्पॅक्ट फॅक्टरच्या टप्प्यांप्रमाणे त्यात भर पडते. सर्वांत वरचा टप्पा १० च्या पुढचा. गणितातलं सर्वांत मानाचं मानलं जाणारं नियतकालिक 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' ५ च्या आसपास असतं. शिवाय दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला मोठा वाटा मिळतो. गणितात नावं आडनावाच्या वर्णानुक्रमे देण्याची जुनी रीत आहे, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

बैठकीत कोणी पुन्हा म्हणालंच तर त्यांना मुंबईच्या प्लेगची गोष्ट सांगा. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा साथीच्या गणितावरचा पेपर आला. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीत काम केलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, २६ व्या वर्षी प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेली, तरी पुढचं काम केलं. त्यांनी आपलं समीकरण कशावर ताडून बघितलं? मुंबईत डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली त्या आकड्यांवर. पेपरमध्ये तो आलेख आहे. त्यानंतर कित्येक दशकं हा पेपर थोड्याच लोकांना माहीत होता. १९७९ मध्ये अँडरसन आणि मे यांनी साथरोगांचं गणित पुन्हा वर आणलं आणि त्याकडे लक्ष गेलं. २०२० मध्ये कोरोना आला आणि प्रत्येक वर्तमानपत्रात जी 'एसआयआर' (लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले) वक्ररेषा छापून आली, तिचं मूळ तिथे आहे. १९३७ मध्ये या दोघांची फाइल एखाद्या समितीपुढे आली असती तर काय शेरा पडला असता?

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. दामोदर धर्मानंद कोसंबी, इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते गणिती होते आणि पुण्यात फर्ग्युसनला शिकवत होते. १९४३ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त त्यांचा एक पेपर आला. यादृच्छिक फलाचे (रँडम फंक्शनचे) एकमेकांपासून स्वतंत्र घटक कसे पाडायचे ही त्यातली कल्पना. पुढच्या काही वर्षांत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि जगात तिला त्या दोघांचं नाव पडलं. आज द्रवगतिकीपासून चित्रांच्या फाइली लहान करण्यापर्यंत ती वापरली जाते, आणि कोसंबींच्या पेपरला त्या प्रमाणात सायटेशन नाही. त्यांचं दुसरं सूत्र १९४४ चं, जनुकांमधलं अंतर काढण्याचं. पीकपैदाशीत काम करणारे त्याला 'कोसंबी फंक्शन' म्हणतात आणि सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय निवडून पुढे जातात. मूळ पेपरचा संदर्भ अनेकदा देतही नाहीत. काम इतकं मुरलं की सायटेशनची गरजच उरली नाही. हे कुठल्या इंडेक्समध्ये मोजणार?

या थोरांशी स्वतःची बरोबरी करा असं मी म्हणत नाही. आपलं बहुतेकांचं काम लहानच असतं. पण लहान कामही नीट तपासलं जावं, आणि तपासायची एकच पद्धत मला माहीत आहे : ज्या पेपरने आपल्याला साइट केलं तो उघडायचा आणि ज्या वाक्यात आपलं नाव आहे ते वाक्य वाचायचं.

मी हे स्वतःच्या बाबतीत केलं आहे. पोकळ वर्तुळाकार चकतीतल्या औष्णिक ताणांवर माझा एक पेपर होता. त्याला ३४ सायटेशन्स झाली तेव्हा मी सगळ्यांच्या प्रती काढल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत लाल पेन घेऊन बसलो. २१ ठिकाणी प्रस्तावनेत 'या विषयावर अनेकांनी काम केले आहे' असं म्हणून कंसात दहा-पंधरा क्रमांकांची माळ होती, त्यातला एक मी. ७ माझी स्वतःची आणि माझ्या विद्यार्थ्यांची. ५ जणांनी माझं उत्तर खरोखर वापरलं होतं. आपल्या उत्तरात जाडी शून्याकडे नेली की माझं सूत्र मिळतं, असा ताळा घेतला होता. आणि एकाने माझी चूक दाखवली होती.

ती चूक सांगतो, कारण तुम्हीही याच चकत्यांवर काम करता. चकतीच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कडांवरून न्यूटनच्या नियमाने, म्हणजे कड जितकी गरम तितकी जास्त, उष्णता बाहेर जाते असं मी धरलं होतं. बाहेरच्या कडेवर त्रिज्या वाढण्याची दिशा आणि उष्णता बाहेर पडण्याची दिशा एकच असते. आतल्या कडेवर त्या एकमेकींच्या उलट. म्हणून आतल्या सीमा-अटीत, म्हणजे त्या कडेवर लागू होणाऱ्या समीकरणात, चिन्ह बदलायला हवं. मी दोन्हीकडे अधिक ठेवलं होतं. परिणामी माझ्या चकतीची आतली कड निवण्याऐवजी जितकी तापेल तितकी जास्त उष्णता आत ओढत होती. दोन रेफरींनी पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, २१ जणांनी तर उघडलाच नसावा. दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक विद्यार्थ्याने तळटीपेत दोन ओळींत दाखवून दिलं. मी जर्नलला दुरुस्ती पाठवली आणि त्या मुलाला पत्र लिहिलं. गुगलच्या हिशेबात ती तळटीपही १ आणि ती माळही १. माझ्या हिशेबात त्या ३४ मधलं सर्वांत मोलाचं सायटेशन तेच, कारण त्याने माझं गणित माझ्याइतक्याच काळजीने पुन्हा केलं होतं.

तुमच्या ४१ चं असंच करा. दोन रविवार लागतील.

आता फॉर्मकडे. गुगल आणि स्कोपसच्या आकड्यांत फरक का, तर गुगलला नेटवर जे सापडेल ते सगळं चालतं : शोधगंगेवरचे प्रबंध, परिषदेच्या स्मरणिका, महाविद्यालयाच्या साइटवरची पीडीएफ. स्कोपस फक्त स्वतः निवडलेली नियतकालिकं मोजतं. गणितासाठी मॅथसायनेट आणि झेडबीमॅथ हे खास संग्रह आहेत. झेडबीमॅथ २०२१ पासून सर्वांना मोफत खुलं आहे, तिथे आपलं नाव एकदा जरूर बघा. कोणताही आकडा लिहिलात तरी शेजारी कुठला आणि कोणत्या तारखेचा हे लिहा, आणि स्वतःची सायटेशन्स वगळून किती तेही लिहा. आकडा लहान होईल. होऊ द्या, समितीतला जाणकार माणूस त्या ओळीपाशी थांबतो आणि पुढचं विश्वासाने वाचतो.

तुमच्या यादीत आणखी एक गोष्ट दिसली. पहिले चार पेपर माहेरच्या आडनावाने आहेत आणि एकात आद्याक्षरांचा क्रम उलटा आहे. स्कोपसने तुम्हाला दोन वेगळ्या व्यक्ती धरलं असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे कित्येक जणींचं असं होतं आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. स्कोपसवर दोन प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती मोफत करता येते. ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, नसेल तर आजच काढा, दोन्ही नावं त्यात नोंदवा आणि पुढच्या प्रत्येक पेपरला तोच जोडा. हे झालं की स्कोपसचा ५ कदाचित जागचा हलेल.

केमिस्ट्रीशी तुलना करणाऱ्यांसाठी स्कोपसमध्ये फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट नावाचा आकडा असतो. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीशी तो तुमची तुलना करतो. १ म्हणजे सरासरी. तो जोडा, पण त्यावर फार विसंबू नका. १२ पेपरांत एखादा जोरात चालला की हा आकडा उड्या मारतो.

आणि मुख्य म्हणजे निवडक तीन पेपरांबद्दल प्रत्येकी तीन वाक्यं लिहा. काय सिद्ध केलं, ते आधी का जमत नव्हतं, आणि ते कोणी कशासाठी वापरलं. "या पेपरला ४१ सायटेशन्स आहेत" यापेक्षा "यातल्या सूत्राचा वापर इतरांनी आपल्या संख्यात्मक पद्धतीचा ताळा घेण्यासाठी चार वेळा केला आहे, पृष्ठ क्रमांक सोबत जोडले आहेत" हे वाक्य समितीला खोडता येत नाही. ते चार खरोखर असतील तरच लिहायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता तो ग्रुप. गणितात सरासरी सायटेशन्स इतकी कमी असतात की वीस-पंचवीस जणांनी ठरवलं तर कोणालाही वर चढवता येतं. अर्नोल्ड आणि फाउलर यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की अप्लाइड मॅथ्सच्या यादीत सलग चार वर्षं पहिलं आलेलं एक जर्नल संपादक मंडळाशी संबंधित मोजक्या लोकांच्या सायटेशन्सवर उभं होतं. क्लॅरिव्हेट ही सायटेशनची आकडेवारी ठेवणारी कंपनी दरवर्षी सर्वाधिक साइट झालेल्या संशोधकांची यादी काढते. २०२३ मध्ये त्यांनी त्या यादीतून गणित हा विषयच काढून टाकला, कारण खरे कोण आणि फुगवलेले कोण हे वेगळं करणं त्यांना शक्य राहिलं नाही. काही थोड्या लोकांच्या देवाणघेवाणीने अख्ख्या विषयाचं नाव गेलं. हे वाचलं त्या दिवशी मला फार लागलं. अशा ग्रुपचं जाळं आकडेवारीत लख्ख दिसतं : अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला, आणि पेपरचे विषय भलतेच. ते दिसायला आज कोणाला कष्ट पडत नाहीत, आणि तुमच्या विद्यार्थिनी तुमच्याकडे बघूनच पेपर लिहायला शिकणार आहेत.

याचाच छोटा भाऊ म्हणजे 'माझे हे पाच पेपर साइट करा, मग स्वीकारतो' असं सुचवणारा रेफरी. त्यातला एखादा खरंच संबंधित असेल तर घ्या. बाकीच्यांबद्दल संपादकांना सरळ लिहा की हे वाचले, या प्रमेयाशी त्यांचा संबंध दिसला नाही, आपण सांगाल तसं करू. मी तीनदा असं लिहिलं, तिन्ही वेळा संपादकांनी माझं ऐकलं.

शेवटी, तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त आवडलेला पेपर त्या सहा शून्यांमध्ये आहे : काँक्रीटच्या आयताकृती स्लॅबमधले औष्णिक ताण, वरच्या पृष्ठावर दिवसभरात बदलणारं तापमान. तुम्ही त्यात नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन घेतलं आहे. वेस्टरगार्ड यांनी सिमेंट रस्त्यांसाठी हे गणित केलं, योगायोगाने त्या प्लेगच्या पेपरसारखं तेही १९२७ मध्येच, आणि त्यांनी स्लॅबच्या जाडीत तापमान सरळ रेषेत बदलतं असं धरलं. आपल्याकडचं आयआरसी ५८ हे रस्त्याचं मार्गदर्शक पुस्तकही स्लॅबच्या वर-खाली तापमानात किती फरक धरायचा ते राज्यांच्या गटांप्रमाणे देतं. तुम्ही ती सरळ रेषा सोडून खरी वक्र विभागणी घेतली आहे. शहरात जिकडे तिकडे सिमेंटचे रस्ते झालेत आणि त्यांच्या सांध्यांपाशी गेलेल्या भेगा आपण रोज गाडीखाली घेतो. तरी शून्य का, तर शीर्षकात मार्ची-फासुलो आहे आणि रस्ता हा शब्द कुठेच नाही. स्थापत्य अभियंता ते शोधणार कसं?

जर्नलची परवानगी बघून त्याची लेखकाची प्रत अर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या मोफत संकेतस्थळावर टाका. सारांशात पहिल्याच ओळीत काँक्रीट रस्ता आणि सांध्यांजवळचा ताण हे शब्द येऊ द्या. चार पानांचं साधं टिपण करा, त्यात समीकरणं कमी आणि तक्ता एकच : सकाळी सहा आणि दुपारी तीनला स्लॅबच्या कडेवरचा ताण, सरळ रेषेने किती आणि तुमच्या पद्धतीने किती. ते घेऊन नागपुरातल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या सिव्हिल विभागात जा. तापमान मोजणारे सेन्सर बसवलेला एखादा स्लॅब त्यांच्याकडे असेल तर तुमच्या वक्ररेषेवर त्यांचे बिंदू मांडून बघा. बिंदू जुळले नाहीत तर सीमा-अटीचं चिन्ह आधी तपासा.